ताबा परत हवा असेल तर

जळगावच्या नवी पेठेत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ज्याचा एखादा गाळा आहे, महाबळला किंवा देवपुरात ज्याने वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: जागा माझी, घरपट्टी मी भरतो, उताऱ्यावर नाव माझे, मग भाडेकरू उठत नसेल तर करायचे काय? ओट्यावर बसल्या बसल्या मिळणारी उत्तरे ठरलेली असतात. तो बाहेरगावी गेला की कुलूप बदला. लाइट तोडा, नळ बंद करा, आपोआप जाईल. चार माणसे पाठवा. नाहीतर पोलीस स्टेशनला कोणाची ओळख निघते का बघा. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण यांतले एकही उत्तर मालकाला ताब्याजवळ नेत नाही, उलट लांब लोटते. माझे म्हणणे सरळ आहे. ताबा परत मिळणार की नाही, हे निम्मे जागा देतानाच ठरून जाते. उरलेले निम्मे, कायद्याने सांगितलेल्या कारणांपैकी आपल्याला खरोखर लागू पडणारे कारण धरून ते शेवटपर्यंत चालवण्यावर ठरते. हा रस्ता लांबचा वाटतो. पण आडवाटेने गेलेल्यांची पुढची वर्षे मोजली, तर तोच जवळचा निघतो.

मुदत संपली की जागा हातात आली, हा पहिला गैरसमज. तो किती महाग पडतो याचा पुरावा जळगाव शहराच्या मध्यभागी उभा आहे. महात्मा फुले मार्केटसह महापालिकेच्या मालकीच्या अनेक व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले. आता महापालिका म्हणजे काही तुमच्याआमच्यासारखा मालक नव्हे. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मिळकतींना भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही. शिवाय महापालिका अधिनियमाच्या कलम ८१ ब नुसार दिवाणी दावा न लावता, नोटीस देऊन आणि म्हणणे ऐकून, गाळा खाली करून घेण्याचा अधिकार खुद्द आयुक्तांना आहे. एवढे हत्यार हाताशी असूनही थकीत भाडे कोणत्या दराने धरायचे, दंड किती, नूतनीकरण करायचे की लिलाव, या वादांत वर्षे गेली. गाळेधारकांची आंदोलने झाली, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत पोचले. गाळेधारकांचीही बाजू होतीच. त्या जागेवर त्यांनी धंदा उभा केला होता आणि घरे चालवली होती. मला यातून दिसते ते एवढेच: करार संपल्यावर काय, हे करार चालू असतानाच ठरले नाही, तर संस्थेच्या पदरीही वर्षानुवर्षांचा वाद येतो. मग ज्याच्याकडे ना अधिकार ना कागद, त्या एकट्या घरमालकाने मुदतीच्या तारखेवर विसंबून कसे चालेल?

यावर मालकांचा पहिला आक्षेप असतो की कायदा सगळा भाडेकरूच्याच बाजूचा आहे. एके काळी या तक्रारीत मोठे तथ्य होते. खान्देश तेव्हाच्या मुंबई प्रांतात असल्यामुळे आपल्याकडे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा लागू होता. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये म्हणून तो आला आणि भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवून बसला. पुढे पन्नास वर्षांत बाजारभाव कुठल्या कुठे गेले, भाडे तिथेच राहिले. शेवटी मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून राज्यभर लागू झाला. या कायद्याने दरवर्षी चार टक्के भाडेवाढीचा हक्क दिला, पागडी कायदेशीर केली, निवासी परवान्याची जागा झटपट परत मिळण्याची वेगळी वाट काढली आणि ताबा परत मागण्याची कारणे एका ठिकाणी मांडली. म्हणजे दार बंद नाही. मात्र ते कारण सांगून आणि पुरावा देऊनच उघडते, आणि मालकाला खटकते ते नेमके हेच. मला यात अन्याय दिसत नाही. दुसऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर काढून घ्यायचे, तर कारण विचारले जाणारच.

आडवाटांचे काय होते ते पाहा. भाडेकरूचे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासची सोय बंद करणे हा याच कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि न्यायालय ती सोय मालकाच्याच खर्चाने पुन्हा सुरू करून देऊ शकते. कुलूप बदलून बाहेर काढलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालक कोण हे विचारलेच जात नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कायद्याच्या मार्गाने गेला का, एवढेच पाहिले जाते. जुन्या वाड्यांच्या आणि धाब्याच्या घरांच्या मालकांना आणखी एक युक्ती सुचवली जाते: महापालिकेकडून इमारत धोकादायक ठरवून घ्या, पाडा, घरच उरले नाही तर भाडेकरू कुठला? सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात ही युक्ती निकालात काढली. इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण त्याचा संबंध भिंतींपुरता नसून जागेशीही असतो. आडवाटेने गेलेल्या मालकाचे खरे नुकसान आणखी पुढे आहे. उद्या तो खऱ्या गरजेचे कारण घेऊन न्यायालयात उभा राहतो, तेव्हा तोडलेली वीज आणि बदललेले कुलूप त्याच्याआधी तिथे हजर असते, आणि त्याच्या प्रामाणिक म्हणण्यावरही संशयाची सावली पडते.

म्हणून खरी काळजी किल्ली देण्याच्या दिवशी घ्यायची. खान्देशात अजूनही सर्रास दिसते ते असे: स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, झाले. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षाही जड परिणाम दुसरा आहे: नोंदवलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते, आणि ते खोटे ठरवण्याचे ओझे मालकावर येते. डिपॉझिट पन्नास हजार होते की पाच लाख, राहायला दिली की दुकानाला, परवाना होता की कायमची भाडेदारी, हे सारे मग समोरच्याच्या तोंडावर अवलंबून राहते. लिव्ह अँड लायसन्सवरचे मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, नोंदणी फी शहरात हजार रुपये. एवढ्यासाठी लाखांची जागा टांगणीला लावण्यात काय हशील?

नोंदवलेल्या निवासी लिव्ह अँड लायसन्सचा फायदा कलम २४ मध्ये आहे. मुदत संपूनही परवानाधारक जागा सोडत नसेल, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत परवानाधारकाने बचाव मांडण्याची परवानगी मागायची असते. मागितली नाही तर अर्जातले म्हणणे त्याने कबूल केले असे धरून आदेश होऊ शकतो. लेखी करारात जे लिहिले आहे ते निर्णायक पुरावा मानले जाते, आणि मुदतीनंतर तो जितके दिवस बसून राहील तितक्या दिवसांचे दुप्पट शुल्क भरपाई म्हणून देणे लागतो. म्हणून करारातली प्रत्येक ओळ वाचून घालावी: जागेचा सिटी सर्व्हे नंबर, चतुःसीमा, फक्त राहण्यासाठी असा स्पष्ट उल्लेख, कुटुंबातल्या राहणाऱ्यांची नावे, मुदत सुरू आणि बंद होण्याच्या तारखा, डिपॉझिट कसे दिले आणि कधी परत होणार, पंखे-नळ-मीटर यांची यादी. विद्यापीठात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला आलेली मुले, बदलीवर आलेले बँकेचे आणि रेल्वेचे कर्मचारी यांना जागा देणाऱ्यांसाठी ही वाट उत्तम आहे. मात्र कलम २४ केवळ निवासी परवान्याला लागू आहे, हे गाळामालकांनी नीट ध्यानात घ्यावे. दुकानाचा कागद लिव्ह अँड लायसन्सचा असला तरी वाद दिवाणी न्यायालयात जातो, आणि तिथे कागदाच्या मथळ्यापेक्षा प्रत्यक्ष ताबा कोणाकडे आणि कसा होता हे पाहिले जाते. बँक, सार्वजनिक उपक्रम किंवा एक कोटी अथवा अधिक भरणा भांडवलाची कंपनी भाडेकरू असेल, तर भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण तिला नाही. तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे करार संपवून ताब्याचा दावा लावता येतो. म्हणजे एकाच गल्लीतल्या शेजारशेजारच्या दोन गाळ्यांना दोन कायदे लागू असू शकतात. कोणता लागू, हे आधी ठरवल्याशिवाय नोटीस लिहायला बसू नये.

भाडेकरूला संरक्षण आहे अशा जागेचा ताबा मागायची कारणे कलम १५ आणि १६ मध्ये दिली आहेत. त्यांतले थकबाकीचे कारण सर्वांत सोपे वाटते आणि सर्वांत जास्त फसवते. भाडे थकले म्हणून लगेच दावा लावता येत नाही. किती महिन्यांचे, किती दराने, एकूण किती भाडे येणे आहे याची लेखी मागणी आधी बजावावी लागते आणि ती पोचल्यापासून नव्वद दिवस थांबावे लागते. त्यानंतर दावा लावला तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी दरसाल पंधरा टक्के सरळ व्याजाने न्यायालयात भरली, पुढे निकालापर्यंत नियमित भरत राहिला आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर त्याला काढता येत नाही. कायद्याला इथे मालकाचे पैसे वसूल व्हायला हवे आहेत, घर मोडायला नको आहे. म्हणून थकबाकी मुद्दाम वाढू द्यायची, मनीऑर्डर परत पाठवायची आणि मग थकबाकीदार म्हणून दावा लावायचा, हा बेत उलटतो. परत आलेली मनीऑर्डर हाच भाडेकरू द्यायला तयार होता याचा पुरावा बनते. भाडे घ्यावे, पावती द्यावी (ती देणे कायद्याने बंधनकारकच आहे), आणि वाद सुरू असेल तर हक्क राखून स्वीकारले असे पावतीवर लिहावे. पावतीबुकाच्या स्थळप्रतीत महिना, रक्कम, भाडेकरूची सही आणि जागेचा वापर नोंदवलेला असेल, तर तो साधा कागद दहा साक्षीदारांचे काम करतो.

मालकाला खरी ताकद देणारे कारण म्हणजे स्वतःची वाजवी आणि प्रामाणिक गरज. मुलाचे लग्न झाले आणि घर पुरत नाही, मुलगी डॉक्टर झाली आणि तिला दवाखाना थाटायचा आहे, निवृत्त होऊन गावी परतायचे आहे, ही कारणे न्यायालय मानते. माझी गरज कशी भागवावी हे ठरवण्याचा अधिकार मालकालाच आहे, भाडेकरूने त्याला पर्याय सुचवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. पण गरज म्हणजे नुसती इच्छा नव्हे, हेही त्याच न्यायालयाने १९९९ च्या शिवसरूप गुप्ता प्रकरणात स्पष्ट केले. दाव्यात नुसते ‘मला जागेची गरज आहे’ असे एक वाक्य लिहून भागत नाही. घरात माणसे किती, खोल्या किती, कोणासाठी जागा हवी, त्याचे शिक्षण वा धंदा काय, आणि मुख्य म्हणजे गावात आपल्या दुसऱ्या कोणत्या जागा आहेत आणि त्या का चालत नाहीत, हे सगळे उघड सांगावे. दुसरी जागा लपवली आणि उलटतपासणीत ती बाहेर आली, की सारा दावा डळमळतो. गरज सिद्ध झाल्यावरही न्यायालय दोन्ही बाजूंच्या अडचणी तोलते: हुकूम दिल्याने भाडेकरूची जास्त अडचण होते की नाकारल्याने मालकाची? इथे भाडेकरूने दुसरी जागा शोधलीच नाही, किंवा त्याचे स्वतःचे घर बंद पडून आहे, हे दाखवता आले तर पारडे झुकते. पोटभाडेकरू ठेवणे, संमतीशिवाय पक्के बांधकाम करणे, दाव्याच्या आधी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा ज्या कामाला दिली त्यासाठी न वापरणे ही कारणेही आहेत. बंद जागेसाठी वीजबिलावरचे शून्य युनिट, पोटभाड्यासाठी दुकानावरची बदललेली पाटी आणि परवाना, असे पुरावे वाद सुरू होण्याआधीपासून जपून ठेवलेले असावेत.

इथेच आणखी एक भीती दूर करतो, कारण तिच्यापायी कित्येक मालक चांगल्या भाडेकरूलाही दर काही वर्षांनी हुसकावतात. बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो, हे खरे नाही. भाडेकरू म्हणून आत आलेल्याला, त्या नात्याने राहत असताना, मालकाची मालकी नाकारता येत नाही; वर्षे कितीही जावोत, भाडेकरू भाडेकरूच राहतो. बारा वर्षांचा आकडा येतो तो दुसरीकडे: भाडेदारी संपुष्टात आल्यावर ताब्याचा दावा लावायला मुदत अधिनियमाने बारा वर्षांची मर्यादा घातली आहे. म्हणजे धोका भाडेकरूच्या मुक्कामात नसून मालकाच्या आळसात आहे. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या किंवा धंदा चालवणाऱ्या कुटुंबीयाला भाडेदारी मिळू शकते, तेव्हा नव्या नावाची पावती फाडण्याआधी सल्ला घ्यावा. भावाभावांची सामाईक मिळकत असेल, एक भाऊ सुरतला आणि एक पुण्याला असेल, तरी बाकीच्यांचा विरोध नसल्यास एकट्या सहमालकालाही दावा लावता येतो. ते अडचणीचे कारण समजून थांबू नये.

सर्वांत मोठा आक्षेप वेळेचा आहे, आणि तो खोटा नाही. समन्स लागल्यापासून बारा महिन्यांत दावा आणि सहा महिन्यांत अपील संपवण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. पण उशीर किती लागतो यात मालकाच्या हातातलेही पुष्कळ असते. चुकीच्या न्यायालयात दावा, अपुरी नोटीस, निम्मेच वारस पक्षकार, दर तारखेला नवा अर्ज, यांतून वर्षे आपणच घालवतो. आपल्याकडे हे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. अपील जिल्हा न्यायालयात होते, दुसरे अपील नाही. पुढे फार तर औरंगाबाद खंडपीठात पुनरीक्षण. हुकूमनामा झाल्यावर भाडेकरू अपिलात स्थगिती मागतो, तेव्हा मालकाने गप्प बसू नये. आत्माराम प्रॉपर्टीज (२००४) आणि महाराष्ट्रातल्याच सुपरमॅक्स (२००९) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, स्थगिती देताना न्यायालय भाडेकरूला जुन्या भाड्याऐवजी बाजारभावाने मोबदला भरायला लावू शकते. जुन्या चारशे रुपयांत दहा वर्षे काढता येतात म्हणूनच अपिले लांबतात. बाजारभाव भरावा लागला की तडजोडीची बोलणी लवकर सुरू होतात. हुकूमनाम्यानंतर ताबा स्वतः घ्यायला जाऊ नये. दरखास्त दाखल करावी. बेलिफ वॉरंट घेऊन येतो, पंचांसमक्ष सामानाची यादी होते, ताबा पावतीवर सह्या होतात, आणि त्या पावतीनंतरच जागा निर्वेधपणे आपली होते.

शेवटचा आक्षेप माणुसकीचा आहे: तीस वर्षे राहिलेल्या वृद्ध जोडप्याला काढायचे कसे? हा प्रश्न मालकाने स्वतःलाही विचारावा असे मला मनापासून वाटते. कायद्याने तो विचारला आहेच. गरजेच्या कारणावर जागा घेऊन मालक महिन्याभरात तिथे राहायला गेला नाही, किंवा वर्षाच्या आत ती दुसऱ्याला भाड्याने दिली, तर कलम १७ प्रमाणे जुन्या भाडेकरूला जागा परत देण्याचा हुकूम होऊ शकतो. खोट्या गरजेला तिथे शिक्षा आहे. खऱ्या गरजेला कोणी अडवत नाही. आणि जिथे दोघांचीही गरज खरी आहे तिथे लोकअदालत हा सर्वांत चांगला मार्ग आहे. तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही, प्रलंबित दावा मिटल्यास कोर्ट फी परत मिळते. वर्षभराची मुदत, स्थलांतराला ठरलेली रक्कम, जागा सोडण्याची तारीख आणि ती पाळली नाही तर दर महिन्याचा मोबदला, एवढे लिहून घेतले तर दोन्ही घरांचे समाधान होते.

तेव्हा जागा भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे हेच: आज घरी बसून आपल्या भाडेकराराची फाइल काढा. करार नोंदवलेला नसेल तर भाडेकरूशी बोलून या महिन्यात नोंदवून घ्या. संबंध चांगले आहेत तोवर तो सही द्यायला नाही म्हणत नाही. पावत्यांच्या स्थळप्रती लावून ठेवा, उताऱ्यावर वारसांची नावे चढवा, मुदत संपण्याच्या तीन महिने आधी पुढचे काय ते लेखी कळवा. वाद झालाच तर एक खरे कारण घ्या आणि निकाल, अपील, दरखास्त या क्रमाने शेवटपर्यंत चालवा. एवढे करणाऱ्याला भाडेकरूची भीती बाळगायचे कारण उरत नाही, आणि ज्याला भाडेकरूची भीती नाही, तो त्याच्याशी नीट वागूही शकतो.